एका गुणाला तीन मिनिटं

पहाटे ४.१०
पनवेलजवळचं नेरे अजून झोपलंय. चाळीत एकाच खोलीचा दिवा लागलाय, माझ्या शेजारच्या. आज ५ मार्च २०२५, बुधवार. दहावीचा गणित भाग एक, म्हणजे बीजगणिताचा पेपर. मुलगी उठली, तोंड धुतलं आणि दाराबाहेरच्या पायरीवर येऊन बसली. आत वडील झोपलेत. ते खडी-वाळूच्या गाडीवर हेल्पर आहेत. रात्री अकराला आले, सातला पुन्हा जातील. खोल्या दोन, दिवा मधल्या दारावर. आत दिवा लावला की सगळेच जागे होतात. म्हणून बाहेरचा बल्ब आणि पायरी. मीही चहा घेऊन माझ्या दारात बसले. ती बोलली नाही, नुसती हसली.

तिच्या मांडीवर पुस्तक नाही. पाटी आहे. धाकटा भाऊ पहिलीत होता तेव्हा घेतलेली, एका कोपऱ्याला चौकट निखळलेली.

४.२५
तिनं पाटीवर सहा नावं लिहिली. दोन चलांतील रेषीय समीकरणे. वर्गसमीकरणे. अंकगणिती श्रेढी. अर्थनियोजन. संभाव्यता. सांख्यिकी. पुस्तकात धडे एवढेच. मग एकेका नावाखाली जे आठवेल ते लिहीत गेली. क्रेमरची पद्धत, निश्चयक कसा मांडायचा. वर्गमुळाखाली बी वर्ग वजा चार एसी. श्रेढीचं एन-वं पद, पहिल्या एन पदांची बेरीज. पाटी भरली की पुसायची, पुढचा धडा. कुठे हात थांबला की डोळे मिटायची. पुस्तक शेजारीच होतं, पण त्याला हात लावला नाही.

सगळं झाल्यावर पुस्तक उघडलं. जे सुटलं होतं ते लाल खडूनं लिहिलं. आज तीनच गोष्टी लाल निघाल्या. त्यातली एक, सांख्यिकीत मध्यकाच्या सूत्रात संचयी वारंवारता कुठल्या वर्गाची घ्यायची. आधीच्या वर्गाची. तिनं ते पाटीवर चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं.

डिसेंबरात हीच मुलगी पुस्तक पाचपाच वेळा वाचायची. बोट ठेवून, ओठ हलवत. पुढ्यात सोडवलेलं उदाहरण असलं की सगळं येतंय असं वाटायचं. सहामाहीला चाळीसपैकी तेरा होते. प्रिलिमला सतरा. रडून झालं. मग शाळेतल्या गणिताच्या बाईंनी वर्गाला एक सवय लावली. आधी वही मिटा, मग लिहा, मग उघडा. उलटं नाही. वाचणं सोपं जातं, म्हणून आपण वाचत बसतो. आठवायला जड जातं, आणि परीक्षेत तेच करायचं असतं. माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही. मीही दहावीला पिवळ्या पेनानं ओळी रंगवत वर्ष काढलं.

हे मोजूनही झालंय. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. मुलांना एक उतारा दिला. काहींनी तो चार बैठकांत वाचला. काहींनी एकाच बैठकीत वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना चाळीस टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना एकसष्ट. बोर्डाची परीक्षा काही वाचल्यावर पाच मिनिटांनी नसते.

५.४०
नळाला पाणी आलं. तासभर येतं. आई म्हणाली, "बाय, आज तू बस. मी भरते." ती उठलीच. दोन हंडे, एक कळशी, तीन बादल्या. रोजचं काम, रोजच्या हाताला. हंडा भरायला वेळ लागतो, तेवढ्यात ती श्रेढीची बेरीज पुटपुटते. एन भागिले दोन, कंसात दोन ए अधिक, एन वजा एक, गुणिले डी. दोन महिने नळावर हेच चाललंय. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनाही आता पाठ झालंय, अर्थ न कळता. नळावर पाठ केलेलं पाटीवर उतरलं तरच धरायचं, हा तिचा स्वतःचा नियम.

६.२०
पूर्वेला माथेरानच्या डोंगराची कड दिसायला लागली. आता तीन उदाहरणं, जास्त नाही. तिन्ही आधी चुकलेली. ती 'चुकांच्या वही'तून येतात. चाळीस पानी वही, अर्धी भरलेली. डाव्या पानावर चुकलेलं, उजव्या पानावर बरोबर, आणि खाली एका ओळीत कारण. 'वजा बी लिहायचं, मी बी लिहिलं.' 'जीएसटी दोन्हीत निम्मा, मी पूर्ण धरला.' 'प्रश्न नीट वाचला नाही' हे कारण अकरा वेळा आलंय. मी मोजलं.

प्रत्येक धड्याच्या वर तारखा आहेत. वर्गसमीकरणांवर ५ जानेवारी, ८ जानेवारी, १६ जानेवारी, ६ फेब्रुवारी, १ मार्च. आधी लवकर लवकर, मग लांब लांब. थोडं विसरायला लागलं की पुन्हा गाठायचं. आज नवं काहीच नाही. समोरच्या चाळीतला मुलगा येऊन विचारून गेला, "हे अपेक्षित केलंस का?" तिनं मान हलवली आणि दार लोटून घेतलं.

७.३०
वडील गेले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, वीस रुपये दिले. आईनं वरण-भात केला, वर थोडं तूप. तेलकट नको, उपाशी नको. पिशवी रात्रीच भरली होती, तरी पुन्हा बघितली. हॉल तिकीट प्लॅस्टिकच्या पाकिटात. निळी बॉलपेनं तीन, तिन्ही थोडी चालवून बघितलेली. पट्टी, पेन्सिल, खोडरबर. पाण्याची बाटली. हातातलं साधं घड्याळ, आईच्या कामावरच्या एका घरून आलेलं, नवा पट्टा साठ रुपयांचा.

खर्च मी तिच्याकडूनच लिहून घेतला. 'एकवीस अपेक्षित'चा संच जुना, ऐंशी रुपये. आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे झेरॉक्स अठ्ठेचाळीस पानं, दोन रुपये पान, शहाण्णव रुपये. पेनं तीस. सरावाला कागद फुकट. आई जिथे पोळ्या करते तिथले साहेब ऑफिसातून एका बाजूला छापलेले कागद आणून देतात, कोरी बाजू हिची. पनवेलच्या क्लासची टेस्ट सिरीज अडीच हजारांची होती. ती घेतली नाही. त्याऐवजी दर रविवारी सकाळी अकरा ते एक घड्याळ लावून घरीच पेपर. आई तेवढ्या वेळात भावाला घेऊन नदीवर कपडे धुवायला जायची. असे सहा पेपर झाले. शेवटच्या दोनांत चाळीसपैकी सव्वीस आणि अठ्ठावीस.

८.३५
नेरे नाका. एसटीचा पास तिच्याकडे आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत तो मोफत मिळतो. पण पेपरच्या दिवशी गाडीची वाट बघत उभं राहायचं नाही, असं मायलेकींनी आधीच ठरवलंय. शेअर रिक्षा, तीस रुपये माणशी. आम्ही तिघी, नव्वद. रिक्षात आधीच धोदाणीच्या बाजूची एक ठाकूर बाई बसलीय, पायाशी शेवग्याच्या शेंगांचा भारा. तिनं विचारलं, "पेपर हाय का?" आणि भारा उचलून मांडीवर घेतला, पोरीला पाय ठेवायला जागा केली.

नाक्याजवळ एका घरापुढे मांडव घालायचं काम चाललंय. उद्या लग्न, आज रात्री हळद. बाजूला टेम्पोतून स्पीकरचे काळे बॉक्स उतरत होते. आईनं ते बघितलं. मीही बघितलं.

सुकापूर, पुढे हायवे, नवीन पनवेल, उड्डाणपूल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती चढतायत. यातल्याच तीन घरी आई कामाला जाते. दोन घरी भांडी-लादी, एका घरी पोळ्या. महिन्याचे साडेसहा हजार. आज सकाळची कामं दुपारनंतर करीन म्हणून सांगून आलीय. पोळ्यांचं घर मात्र थांबत नाही, तिथे आजचा खाडा. रिक्षात मुलीनं वही काढली नाही. बाहेर बघत होती. पुलावर आल्यावर म्हणाली, "काकू, मला पोटात कसंतरी होतंय." आई म्हणाली, "सगळ्यांनाच होतं. पाणी पी घोटभर."

९.३०
केंद्राचं फाटक. शाळा पनवेलातली, तिला अनोळखी. पण पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी येऊन ती बघून गेली होती. वर्ग कुठे, पाणी कुठे, बाथरूम कुठे. फाटकावर गर्दी. आया, बाप, दुचाक्या, कोकरांसारखी धडपड करणारी लहान भावंडं. बोर्डावर बैठक क्रमांक. पोलीस दोन. मुलांच्या हातात शेवटच्या क्षणाची पुस्तकं, पानं भराभर उलटतायत. एक मुलगा मोठ्यानं विचारतोय, "बहुलकाचं सूत्र काय रे?" दुसरा सांगतो. तिसरा म्हणतो, तसं नाही. तिघांचे चेहरे उतरले. आमची पोर तिथून लांब, भिंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली. या वेळी कुणाशी सूत्रांबद्दल बोलायचं नाही, हेही आधीच ठरलेलं.

१०.३०
घंटा. मुलं आत. तिनं वळून बघितलं नाही.

११.००
आत प्रश्नपत्रिका वाटल्या असणार. पूर्वी दहा मिनिटं आधी मिळायची, वाचायला. आता अकरालाच मिळते आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडतात. म्हणजे दोन तासांचा पेपर एक दहापर्यंत. चाळीस गुण, एकशेवीस मिनिटं. एका गुणाला तीन मिनिटं. वरची दहा तपासायला. हा हिशोब तिनं जानेवारीतच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय. पहिला प्रश्न आठ गुणांचा, एकेक गुणाचे आठ तुकडे. तो पंधरा मिनिटांत संपवायचा म्हणजे नऊ मिनिटं हातात राहतात. दुसरा बारा गुणांचा, त्याला छत्तीस मिनिटं. शेवटच्या प्रश्नाचे तीन गुण, पण तो डोकं खातो. तो शेवटीच.

बाहेर सावली कमी. एका बंद दुकानाच्या फळीवर आम्ही बसलो. केंद्राजवळची झेरॉक्स दुकानं पेपरच्या वेळात बंद ठेवायला लावतात. आईनं पिशवीतून लसूण काढला आणि सोलायला बसली. संध्याकाळचं काम. शेजारी एक बाई, मुलगा दुसऱ्यांदा बसलाय. ती म्हणाली, "गेल्या वर्षी त्याला सगळं येत होतं हो, वेळ पुरला नाही." तिचं म्हणणं मला पटलं. वेळ पुरवणं हा अर्धा अभ्यास असतो, आणि तो घड्याळ लावूनच करावा लागतो. घरी चार तासांत सुटलेला पेपर सुटला असं धरू नये.

१२.१५
ऊन डोक्यावर. चहा दोन, वीस रुपये. आई फाटकाकडे बघते, लसणाकडे बघते. "तिला लघवीला जावं लागलं तर सोडतात ना?" तीनदा विचारलं. सोडतात, असं मी तीनदा सांगितलं.

१.१०
घंटा. पाच मिनिटांनी मुलं बाहेर. ती शेवटच्या घोळक्यात. चेहऱ्यावर काही नाही. बाटली रिकामी, बोटांना निळी शाई. आईनं काही विचारलं नाही. हे त्या बाईचं मोठेपण. तिनं फक्त पदरानं तिचं तोंड पुसलं.

उसाच्या रसाच्या गाडीवर थांबलो, तीन ग्लास साठ रुपये. वडिलांच्या विसात चाळीस मी घातले. मग ती आपणहून बोलली. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर दोन मिनिटं काहीच दिसलं नाही, अक्षरं नुसती हलत होती. मग तिनं पेन खाली ठेवलं, कच्च्या कामाच्या जागी सूत्रं लिहून काढली, पाटीवर लिहायची तशीच. हात चालू झाला. पहिला प्रश्न सतरा मिनिटांत. तीन गुणांचं एक शाब्दिक उदाहरण मांडताच येईना. पाच मिनिटं गेली. डिसेंबरात ती तिथेच अर्धा तास बसली असती. आज अर्धं पान कोरं सोडलं आणि पुढे गेली. एक वाजायला दहा कमी असताना परत आली. 'समजा' म्हणून दोन चलं मानली, पहिलं समीकरण लिहिलं, दुसरं लिहिलं. उत्तर नाही आलं. पण गणितात पायऱ्यांना गुण असतात, कोऱ्या पानाला नसतात. शेवटी तपासताना एक चूक सापडली. वजा बी. तिथे बी लिहिलं होतं. खोडून वजा केलं.

"दोन गुण वाचले," ती म्हणाली. मग पेपरनंतर पहिल्यांदा हसली.

मैत्रिणी उत्तरं जुळवत उभ्या होत्या. तिनं हात हलवला आणि आमच्याबरोबर चालायला लागली. बीजगणित संपलं. परवा भूमिती.

२.३०
परतीला एसटी मिळाली. तिचा पास, आईला आणि मला अर्धं तिकीट. आई सुकापूरलाच उतरली, कामावर. घरी आल्यावर मुलगी जेवली. सकाळचाच वरण-भात, लोणचं. प्रश्नपत्रिका घडी करून पुस्तकात ठेवली, उघडली नाही. पाऊण तास झोपली. गजर लावून. झोप हा अभ्यासाला चोरलेला वेळ नाही; दिवसभर डोक्यात घातलेलं झोपेत पक्कं बसतं. रात्री तीनपर्यंत जागून पेपरला जाणारी मुलं मी बघितलीत. येत असलेलंही त्यांच्या हातून सुटतं.

४.००
पायरीवर पुन्हा पाटी. सात नावं. समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. आता लाल खडू जास्त लागला. वर्तुळात खूप सुटलं. तिनं तेच आधी घेतलं. येतं ते पुन्हा करायला बरं वाटतं, म्हणून ते मागे ठेवलं.

कंपासपेटीतल्या पेन्सिलीला टोक केलं. ब्लेडनं, शार्पनर भावानं हरवलाय. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढली. स्क्रू ढिला, कंपास सरकते. तिनं कागदाची घडी करून खाचेत कोंबली. पुन्हा काढली. बरोबर आली. मग प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची सिद्धता, न बघता. पक्ष, साध्य, सिद्धता. मधली एक पायरी गेली. उघडून बघितली, मिटली, पहिल्यापासून लिहिली. चाळीस मिनिटं झाली की उठायची, मोरीपर्यंत जाऊन यायची, पुन्हा बसायची. भाऊ आणि त्याची टोळी होळीसाठी फाटी ओढत नेत होती. एक फांदी तिच्या अंगावरून गेली. ती ओरडली नाही, पाटी वर धरली.

६.४५
दिवे लागले. तिनं भाकऱ्या थापल्या, सहा. आई आठला येणार. तव्यावर भाकरी फुगेपर्यंत भावाला म्हणाली, "बस, तुला एक सांगते." आणि काटकोन त्रिकोणात कर्णावर टाकलेल्या लंबाचं प्रमेय त्या चौथीतल्या पोराला समजावलं, पिठाच्या बोटानं ओट्यावर त्रिकोण काढून. त्याला काही कळलं नाही. तिला कळलं, कुठे अडतंय ते.

८.५०
आई आली, जेवली. दिवसाचा हिशोब झाला. रिक्षा नव्वद, चहा वीस, रस साठ, एसटी, आणि एक खाडा. वडिलांचा फोन आला, उशीर होईल. "कसा गेला?" "बरा गेला." बस, एवढंच.

तेवढ्यात नाक्याकडून हळदीचा स्पीकर सुरू झाला. पत्रे थरथरायला लागले. मुलगी चिडली नाही. कानात कापूस घालून पाटी जवळ ओढली. पण तिचा हात थांबत होता. एकच ओळ तिनं तीनदा पुसली.

९.२०
आई उठली. मीही उठले. मांडवात गेलो. चाळीस-पन्नास माणसं नाचतायत, नवरी पाटावर हळदीनं माखलेली. आईनं नवरीच्या वडिलांना गाठलं, कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "भाऊ, मुलीची दहावी आहे. परवा पेपर." त्या माणसानं एकदा तिच्याकडे बघितलं. स्पीकरवाल्या पोराला हाक मारली. आवाज निम्म्यावर आला. मग त्यांनी स्वतः दोन पोरांना घेऊन बॉक्स उचलले आणि फिरवून शेताच्या बाजूला तोंड करून लावले. "बंद नाय करत ताई, पोरीचं लगीन आहे," म्हणाले. "तिकडं नाय येणार आता." आईनं नवरीला हळद लावली. आम्हाला पेढा मिळाला, तिसरा पोरीसाठी.

९.५०
पायरीवर पेढा खाऊन तिनं पाटी पुसली, भिंतीला टेकवून ठेवली. उद्याच्या यादीत दोनच ओळी लिहिल्या. वर्तुळ. महत्त्वमापन. गजर ४.३०. बल्ब मालवला.

राज्यभर त्या वर्षी ही परीक्षा १७ मार्चपर्यंत चालली, आणि एरवीही ती साधारणपणे फेब्रुवारी-मार्चातच येते. तेव्हा तुमच्या दारी हळद असेल तर वाजवा, नाचा. फक्त बॉक्सचं तोंड शेताकडे करा.